झुंबरला काढायचं ठरलं

झुंबरचा रसाचा दुसरा ग्लास संपला तरी सावळीरामच्या तोंडून शब्द फुटेना.

"अजून एक घे."

"नको भाऊ, पोटात गुडगुडतंय."

"घे रे. आलं-लिंबू टाकून."

रसवंतीवाल्याने चरक फिरवला, घुंगरं वाजली. उसाचं चिपाड होताना सावळीराम बघत राहिला. बरं नव्हतं वाटत.

त्याला झुंबरला काढायचं होतं. मखमलाबादचा बापाचा गुलाबाचा मळा बिल्डरला दिला तेव्हा दोन फ्लॅट मिळाले. एकात तो आणि बायको बयाबाई राहत, दुसरा भाड्याने. सह्यांच्या दिवशी बहीण गोजराक्का चांदवडहून आली होती. बिल्डरने बोट ठेवलं तिथे तिथे सही करून ती चहासुद्धा न घेता एस्टीला पळाली. कांदा काढणीला आला होता. तेव्हापासून सगळा व्याप एकट्या सावळीरामच्या डोक्यावर होता. व्याप म्हणजे दर महिन्याला भाडं घेणं. फुलं गेल्यापासून घर त्याच भाड्यावर चाललं होतं.

झुंबर नाक्यावरचा एजंट. भाडेकरू त्यानेच आणली. बँकेतली छाया. भिंतीला खिळा ठोकू का म्हणून तिने फोन करून विचारलं होतं, आणि सावळीराम दोन दिवस त्याच आनंदात होता. झुंबरशी करार मात्र याच बाकावर, रसाच्या ग्लासावर झालेला. अकरा महिने झाले की एका महिन्याचं भाडं त्याचं. बदल्यात नळ, फ्यूज, भांडणं तो बघणार. म्हणून मोडायलाही सावळीरामने त्याला इथेच आणलं. कागद असता तर फाडला असता. पाजलेला रस परत कसा मागणार?

"फ्लॅट आपला, भाडेकरू आपली, हा मेला मधी कशाला?" असं बयाबाई वर्षभर म्हणत होती. सावळीराम ते कानाआड करायचा. पण मागच्या महिन्यात एका लग्नात झुंबर चारचौघांत म्हणाला, "आपल्या फ्लॅटला पाणी चोवीस तास." आपल्या. सावळीरामला जेवण गोड लागलं नाही. माणसाला नुसतं सांभाळायला द्यावं, तर हळूहळू तो मालकच होऊन बसतो.

अडचण एकच. सावळीरामचा पाय मोडला तेव्हा याच झुंबरने त्याला आपल्या एम-एटी गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं होतं. पाय आडवा धरलेला, त्यामुळे नाक्यावरच्या रिक्षा आपोआप बाजूला होत होत्या. अशा माणसाला काढायचं कसं?

"भाऊ, काही बोलायचंय का?" तिसऱ्या ग्लासावर झुंबरने विचारलं. "रस पाजून पाजून मारताय मला."

सावळीराम चिपाडांकडे बघत बोलला. "झुंबर, मी म्हणत होतो… आता तुझीही धावपळ होते. तर फ्लॅटचं मीच बघत जाईन. थेट."

ग्लासात पडलेली माशी बोटाने काढण्यात झुंबर गुंतला.

"तुझं काही चुकलं नाय. बयाचं म्हणणं…"

"बरं," झुंबर म्हणाला.

"छायाला मात्र हलवू नको. तिला राहू दे."

"ती काय माझ्या खिशात हाय?" झुंबरने तोंड पुसलं. मग जरा थांबून, "भाऊ, तुम्ही या दोन-चार दिवसांत तिकडं गेलता का?"

"नाही. का रे?"

"जाऊन या एकदा." तो उठला आणि त्याचे तीन, सावळीरामचा एक, अशा चारही ग्लासांचे पैसे त्यानेच दिले. सावळीरामने हात धरला तर म्हणाला, "राहू द्या भाऊ. आज माझ्याकडून."

सावळीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला काढलं, त्याच्याच पैशाचा रस पोटात. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. जाताना झुंबरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, सुतकाच्या घरी ठेवतात तसा.

सावळीराम तसाच फ्लॅटवर गेला. छायाने दार उघडलं आणि पदर सारखा केला. नेहमी "या ना काका" म्हणायची, आज नुसतीच बाजूला झाली. दाराआड चांदवडच्या कांद्यांची गोणी उभी होती.

सावळीराम खुर्चीच्या कडेवर टेकला. "पोरी, तुला एक सांगायचंय. अवघडच आहे जरा."

"मलाही, काका."

"तू आधी बोल." त्याला तेवढीच उसंत हवी होती.

"परवा तुमच्या आक्का आल्या होत्या. मुलगाही होता बरोबर."

"गोजराक्का? इकडे? घरी नाही आली ती."

"घाईत होत्या." छाया ओढणीसारखा पदर बोटाला गुंडाळत होती. "म्हणाल्या, मधल्या माणसाला काढायचं ठरलंय. तू मात्र राहा, तुझा काही संबंध नाही."

सावळीरामला भरून आलं. तिकडे कांद्यात राबणाऱ्या बहिणीला न सांगता त्याच्या मनातलं कळलं होतं. दर भाऊबीजेला साडी नेतो, ती वाया गेली नाही. सख्खं रक्त ते. झुंबरला काढल्याचं पाप आता निम्मं तरी तिच्या डोक्यावर गेलं.

"तेच सांगायला आलो होतो बघ," तो मोकळा श्वास घेत म्हणाला. "माणूस वाईट नाही गं झुंबर. पण शेवटी मधला तो मधलाच."

छायाने कांद्यांची गोणी उगाच सरळ केली.

"झुंबरभाऊ राहणारेत, काका. हा फ्लॅट आक्कांच्या नावावर आहे ना… भावाला तोंडावर सांगायची लाज वाटते म्हणाल्या, आला की तूच सांग."