माणसामागे माणूस

पलीकडच्या बेटावर एकटी राहणारी आई सकाळपासून फोन उचलत नव्हती. इरावती विमानतळावर येरझाऱ्या घालत होती.

“ताई, दोन्ही देशांचा करारच आहे,” तांडेल नावाचा अधिकारी पुन्हा म्हणाला. “एक माणूस जास्त झाला तरी तरंगतं बेट कलतं. तिकडून कुणी निघाल्याशिवाय तुम्हाला सोडता येत नाही.”

“करार मला शिकवू नका! तिकडून इकडे यायला आहे कोण?”

संध्याकाळी दिवा हिरवा झाला. कुणीतरी निघालं होतं. त्या अनोळखी माणसाला दुवा देत ती विमानात धावली.

भर समुद्रावर समोरून दुसरं छोटं विमान अगदी जवळून गेलं. खिडकीला नाक लावून एक म्हातारी इरावतीच्या बेटाकडे बघत होती. तिच्या अंगावर इरावतीनेच विणलेली हिरवी शाल होती.