पटावरची नावं

"धाकू. घरात माणसं चार," राघोमास्तर म्हणाले. त्यांनी पट्टी ठेवून त्या नावावर लाल शाईची रेघ मारली.

"पाच," सुमती म्हणाली.

"पटावर चार आहेत."

"आषाढात मुलगी झाली. आता मान धरते."

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ठाण्याच्या ख्रिस्ती मंडळीचे ते चिटणीस. उद्याच्या उपासनेनंतर बाळकुमच्या नऊ घरांची नावं पटावरून कमी व्हायची होती. चौदा महिन्यांत तिथलं कुणी प्रार्थनामंदिराची पायरी चढलं नव्हतं, आणि पंचांचं एकमत झालं होतं की वाळलेली फांदी छाटलेली बरी. मास्तरांनी सुमतीला बोलावलं होतं ते यादी पुरी करायला. बायकांची नावं त्यांना ठाऊक नव्हती.

"बाप्तिस्मा?"

"कुणी द्यायचा, मास्तर?"

त्यांनी टाक दौतीत बुडवला. "पुढे. पोपट."

सुमती ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. सकाळी इस्पितळात आयाचं काम, मग जेवणाचा डबा तसाच काखेत मारून बाळकुम. दर शनिवारी असंच. एका घरात ताप, दुसऱ्यात भांडण, तिसऱ्या घरी म्हातारीला एखादं गीत ऐकायचं असायचं. आज मात्र बाळकुमच्या वाटेवरून तिला मागे फिरवलं होतं, त्याच घरांची नावं खोडायला. पाय ठणकत होते. बस, असं मास्तर म्हणाले नव्हते आणि तीही बसली नव्हती.

"पोपटाची बायको वासंती," ती म्हणाली. "कारखान्यात यंत्रात हात सापडला तिचा. दोन बोटं गेली."

"ते पटावर घ्यायचं नसतं, सुमती."

"नाही, सांगितलं आपलं."

रेघ ओढली गेली. मास्तरांचं अक्षर सुरेख होतं, रेघाही सुरेख. सुमतीला वाटलं, दौत उपडी करावी.

"काळुराम," मास्तर म्हणाले आणि त्यांचा आवाज जरा कडक झाला. "काळुराम, बायको, दोन मुलगे, आई गंगुबाई. पाच."

"चार."

"आता इथे कमी?"

"गंगुबाई गेली. तीन आठवडे झाले."

टाक कागदावर टेकला तो तिथेच राहिला. लाल ठिपका पसरत गेला.

"गेली? मला कुणी कळवलं नाही."

"मी कळवलं. रविवारी, उपासनेनंतर, दाराशी. बाळकुमला गंगुबाई वारली, कुणीतरी चला, असं म्हणाले. तुम्ही म्हणालात, पंचांची बैठक आहे, नंतर बघू. मी बाहेर थांबलेले. बैठक संपली आणि तुम्ही मागच्या दारानं घरी गेलात."

"गंगुबाई म्हणजे कोण, माझ्या ध्यानात आलं नसेल. काळुरामची आई म्हणाली असतीस, तर..."

"तर तुम्ही वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नसतंत."

ते खोटं नव्हतं. मागच्या वर्षी काळुराम उपासनेत उभा राहून पवित्र शास्त्रातलं वाचत होता. रात्रशाळेत शिकलेला माणूस, शब्दाखाली बोट ठेवून वाचायचा. तो 'स्त्रोत' म्हणाला आणि मास्तर बसल्या जागेवरून ओरडले, 'स्तोत्र! स्तोत्र म्हण!' दोनतीन पोरं हसली. काळुरामनं पुस्तक मिटलं, टोपी घातली आणि तो निघाला. त्याच्यामागून बाळकुमची बाकीची आठ घरं उठली.

"मग मूठमाती कुणी दिली?" मास्तरांनी विचारलं.

"अंघोळ मी घातली. खड्डा धाकू नि पोपटानं खणला. प्रार्थना मीच केली. पाठ होतं तेवढं म्हटलं, पुढचं आठवेना. मग सगळे नुसते उभे राहिलो." तिचा आवाज चढला. "पाळकसाहेब कल्याणला, तुम्ही बैठकीत. एक माणूस हवा होता, मास्तर. एक! आणि आज म्हणता, फांदी वाळली. कुणी पाहिली वाळलेली? तुमच्यातलं कोण गेलंय तिकडे?"

आतून मास्तरांच्या पत्नी दारापर्यंत आल्या आणि तशाच मागे वळल्या.

"तू दर शनिवारी जात होतीस?"

"जाते."

"पंचांना विचारून?"

सुमती हसली. हसू कसलं, नाकातून श्वास सुटला नुसता. आता कुणापुढे बोलायचं ते तिला कळेना. तिनं डबा उचलला.

"थांब," मास्तर म्हणाले. ते उठले. खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला, एक बाही चुकली ती पुन्हा घातली. पट उघडाच राहिला. "बाळकुमला वळायचं कुठून?"

ती बघतच राहिली. चाळीस वर्षं ठाण्यात काढलेला माणूस हा.

"सरळ जा. तासाभराची वाट आहे. पुढे शेतं लागली की विचारा कुणालाही."

"तू चल ना. मला घरं माहीत नाहीत."

"नाही, मास्तर," सुमती म्हणाली. "मी आज दमलेय." आणि ती ओसरीच्या पायरीवर बसली. कुणी न सांगता.

मास्तर अंगण ओलांडून फाटकापाशी गेले. कडीवर हात ठेवून पाठमोरेच म्हणाले, "काळुरामला काय म्हणू?"

"काही म्हणू नका. तो बसायला गोणपाट देईल. बसा. मग गुळाचा चहा येईल. कप कानतुटका असेल, त्यांच्याकडे एकच आहे." तिनं डबा मांडीवर घेऊन झाकण उघडलं. भाकरी कडक झाली होती. "नको म्हणू नका."