दगडी फणीची एक खाच

"ओढ गं यामना, भरली टोपली!"

जमिनीच्या पोटातून बापाचा आवाज वर यायचा. आधी आवाज, मग दोराला हिसका, मग ओल्या गाळाची टोपली. बाप जाऊन वर्षं लोटली होती. तरी फोग्गाऱ्याच्या, त्या लांबलचक भुयारी पाटाच्या विहिरींपाशी आलं की यामनाचं पाऊल अजून रेंगाळायचं.

आज रेंगाळायला सवड नव्हती. डोक्यावर घागर, कमरेवर घागर, आणि मागे बायकांची ओळ. ऊन तापायच्या आत शर्यत सुटायची होती. गढीच्या दारातून निघून, खजुराच्या बागांमधून, वाळूच्या टेकडीला वळसा घालून परत. पाच हिवाळे झाले, ही शर्यत भरत होती. धावायचं असेल तर आधी भुयाराची निगा राखणाऱ्या मंडळाच्या लोकांबरोबर फोग्गाऱ्यात उतरायचं आणि गाळ उपसायचा, हीच प्रवेशाची अट. शर्यतीत जमलेली वर्गणी मंडळाच्या दोर-दिव्यांना. प्लॅस्टिकची बाटली एकही नाही. छातीवरचे आकडे पिठाच्या जुन्या पोत्यांवर रंगवलेले, आणि वाटेत प्रत्येक वळणावर घागर घेतलेली एक बाई. पाण्याचं सगळं यामना बघायची. बाकी सगळं तिचा थोरला भाऊ लखदर.

दुरून त्याचा भोंगा ऐकू येत होता.

"तुझ्या भावाला म्हणावं, एकदा स्वतः धावून दाखव," म्हातारी मब्रूका म्हणाली. "पोट पुढे पोचेल, पाय मागाहून येतील!"

बायका खिदळल्या. मग मब्रूकानेच सूर धरला आणि बाकीच्यांनी उचलला:

"अंधारातलं पाणी बाई, उजेडात लाजलं,
खजुरीच्या पायामधी पैंजणावाणी वाजलं."

गात गातच त्या फणीपाशी पोचल्या. भुयारातलं पाणी उजेडात येतं तिथे आडवा दगड बसवलेला, त्याला फणीसारख्या खाचा. एकेक खाच एकेका घराची. तिच्यातून निघालेलं पाणी त्या घराच्या बागेत जायचं, बापाकडून मुलांकडे यायचं. यंदा पाणी मायंदाळ आलं होतं. फणीमागे ते नुसतं उसळत होतं.

यामना घागर घेऊन वाकली आणि तशीच राहिली.

तिच्या बापाची खाच बुजलेली होती. ओली माती, आत खजुराचा काथ्या, वरून अंगठा फिरवून गुळगुळीत केलेली. शेजारी नवी खाच कोरली होती, दुप्पट रुंद. तिच्यातलं पाणी सिमेंटच्या पाटाने बागांकडे न वळता भिंतीपलीकडे चाललं होतं, परगावच्या व्यापाऱ्याच्या नव्या खजूरमळ्याकडे. आणि यामनाच्या बागेकडे जाणारा पाट? त्याच्या तळाशी चिखलाला भेगा पडायला लागल्या होत्या.

गाणं थांबलं.

"हे कुणी केलं?"

मब्रूका घागरीच्या तोंडात बघत राहिली.

"मावशी, तुला विचारतेय."

"मला मधे नको ओढूस, पोरी. घरातलं घरात विचार."

यामनाने घागरी तिथेच ठेवल्या.

गढीच्या दारात झुंबड उडाली होती. तिमीमून शहराहून आलेले मास्तर पाय झाडत होते, शाळेच्या मुली एकमेकींच्या आकड्यांच्या पोत्यांच्या गाठी पाठीवर बांधत होत्या. लखदर दगडावर उभा होता.

"आली, आमची पाणीवाली आली!" तो भोंग्यातून ओरडला. "अगं, पण हात रिकामे? वाटेत सगळं पाणी पिऊन टाकलंस की काय?"

लोक हसले. यामना त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"दादा, आपली खाच बुजवलीय."

भोंगा खाली आला. "नंतर बोलू. ढोल वाजू दे आधी."

"आत्ता बोल."

"लोक खोळंबलेत, यामना. चारचौघांत शोभा नको."

ढोलवाल्याने टिपरू उचललं होतं. यामनाने ढोलाच्या चामड्यावर हात ठेवला. "अब्बांच्या पाण्यात माझाही वाटा होता. माझी अख्खी बाग त्यावर उभी आहे. विकलंस?"

लखदरने भोंगा या हातातून त्या हातात घेतला.

"मला न विचारता?"

"सांगणारच होतो गं."

"कधी?"

"शर्यत पार पडली की."

"दर वर्षी शर्यत पार पडली की माझ्या घरी येतोस. चहाचे रीतीचे तिन्ही पेले पितोस. पोरांच्या डोक्यावरून हात फिरवतोस." तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "कुठल्या पेल्याला सांगणार होतास?"

पुढच्या रांगेतल्या मुली ऐकत होत्या. त्यांच्या नखांत अजून भुयाराचा गाळ होता. घासून घासूनही तो आठवडाभर निघत नाही. लखदरने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. दगडावरून उतरला. भोंगा जमिनीवर ठेवला.

"सौदा या वर्षीचा नाही," तो म्हणाला. "पहिल्या शर्यतीच्या आधीचा आहे."

"म्हणजे?"

"तेव्हा भुयार गाळाने भरलेलं होतं. व्यापारी म्हणाला, हे टिपटिपणारं पाणी घेऊन मी काय करू? पाणी वाढव, मग घेतो."

यामनाचा हात ढोलावरून घसरला. तरी ढोल वाजला नाही.

"एवढा गाळ उपसायला माणसं कुठून आणली असती मी?" लखदर म्हणाला. "म्हणून शर्यत काढली."