जरा डावीकडे

झाड कुंडीबाहेर काढून झालं होतं. आईने मुळांचा गुंता हलक्या हाताने सोडवला, जाडजूड मुळं कात्रीने छाटली आणि सगळं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. आता ते उथळ कुंडीत नव्या मातीवर बसवायचं आणि मुळांवरून तार आवळायची. खरी गोम इथेच होती. बोन्साय समोरून बघायचं असतं, आणि बसवणारा नेमका मागे असतो. त्यात एकदा तार आवळली की दोन वर्षं मुळांना हात लावायचा नाही. वाकडं बसलं की बसलं. म्हणजे काम दोघांचं. इतकी वर्षं समोर उभं राहून हुकूम सोडायला बाबा होते. यंदा नव्हते.

म्हणून मुलाला व्हिडिओ कॉल. फोन तिने साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, कुंडीच्या बरोब्बर समोर.

"दिसतंय का रे?"

"एकदम क्लिअर. तू धर, मी सांगतो."

आईला बरं वाटलं. एवढा कामात बुडालेला माणूस, आईच्या कुंडीसाठी वेळ काढून बसला होता. ती झाडामागे वाकली. पानांमुळे फोन दिसत नव्हता, आवाज तेवढा येत होता.

"जरा डावीकडे घे... अजून जरा."

तिने घेतलं, पण हातांना काही ते पटेना. शेवटी झाड मातीत दाबून ती पुढे आली. झाड चांगलंच कललं होतं, बसमध्ये पेंगणाऱ्या माणसासारखं. आणि फोन डब्यावरून घसरून टेबलावर उताणा पडला होता. त्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत छताचा पंखा फिरत होता. मोठ्या चौकटीत मुलाचा कान आणि अर्धा गाल. नजर भलतीकडेच, आणि की-बोर्डची टकटक चालू.

"बास! आता एक नंबर दिसतंय," तो पंख्याला म्हणाला.

मातीने बरबटलेले हात तसेच धरून आई उभी राहिली. तिला फार एकटं वाटलं. "अरे, फोन पडलाय," एवढं म्हटलं असतं तर तो ओशाळला असता, "सॉरी गं आई, मग करतो" म्हणाला असता. त्याचं ते "मग" तिला चांगलं ठाऊक होतं.

तिने फोन तसाच राहू दिला. झाड स्वतःच्या नजरेने सरळ केलं, मुळांवर पाणी शिंपडलं आणि मागे जाऊन पुन्हा खोड धरलं. तार आवळायला आता काहीच हरकत नव्हती.

"आता बघ रे, कसं वाटतंय?"

"अं... थोडं डावीकडे घे."

आईने घेतलं. "एवढं?"

"अजून थोडं."

आईने अजून थोडं घेतलं.