सरळ रेघा

आर्विडच्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साठायला लागलं होतं. डॉक्टरांनी चौकटींचा कागद दिला आणि लेकीला, इन्ग्रिडला, बजावलं, "रोज एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायला लावा. रेघा वाकड्या दिसल्या की त्याच दिवशी या. वेळेत इंजेक्शन दिलं तरच नजर वाचते."

कागद फ्रिजवर लागला. रोज सकाळी टिलीचा डबा भरता भरता इन्ग्रिड पाठमोरीच विचारायची, "बाबा, रेघा बघितल्या?"

एका हातात कॉफी, दुसऱ्यात टोस्ट धरून आर्विड म्हणायचे, "बघितल्या गं बाई! तुझ्या नवऱ्यापेक्षा सरळ आहेत." मग गाडीवरचा बर्फ खरवडून नातीला शाळेत सोडायला निघायचे.

आज टिलीला डॉक्टर व्हायचं होतं. आजोबांच्या कडेवर बसून तिने एका हाताने त्यांचा स्वेटर धरला, दुसऱ्याने त्यांचा उजवा डोळा झाकला. "हं, आता सांगा."

आर्विड हसले. "लबाडे, आधी कागदावरचा हात काढ की! मधलं काहीच दिसत नाहीये."

इन्ग्रिडने झटकन वळून पाहिलं.

"आजोबा," टिली म्हणाली, "कागदावर कुणाचाच हात नाहीये."