उडालेला अध्याय

“आधी नाव वाच, मंग दाब. एकदा उडालं की बिलकुल वापस येत न्हाई.” वसंतानं केदारखेड्याला परत जाताना बहिणीला बजावलं होतं. नंदाला ते आत्ता आठवलं, पारायणाच्या खोलीत, पोथीपुढं, बोटाएवढा एमपीथ्री प्लेअर हातात घेऊन. तिसऱ्यांदा ती यादी खाली नेत होती. आज सातव्या दिवसाला सहा अध्याय हवे होते. यादीत पाच होते.

एका अध्यायाच्या रेकॉर्डिंगमध्ये सासूबाईंची हाक शिरली होती, दूध उतू चाललंय म्हणून. तो नंदानं पुन्हा वाचून घेतला आणि जुनी फाईल काल घाईघाईत उडवली. नावांमध्ये फरक एका आकड्याचा. उडवली ती भलतीच, आजच्या सहाव्या अध्यायाची, हे आत्ता कळत होतं.

सव्वादहा झाले होते. अकराला भूमितीचा पेपर.

नंदाची दहावी लग्नाआधी इंग्रजी आणि गणितात राहिली होती. मागच्या ऑक्टोबरला तिनं फॉर्म भरला, तेव्हा ऐन पेपरच्या सकाळी नवऱ्यानं, भुजंगनं, हॉल तिकीट चुलीत घातलं. सासूबाई, चतुराबाई, चूल फुंकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. शिकलेली बाई नवऱ्याला मोजत नाही, एवढंच भुजंगचं म्हणणं. तेव्हापासून बाजार, दळण, दवाखाना, जिथं नंदा तिथं सासूबाई. एमआयडीसीत मिलला निघताना तो आईला रोज सांगायचा की हिच्यावर ध्यान ठेव, आणि चतुराबाई म्हणायच्या, “बराबर.”

या वर्षी फॉर्म वसंतानं परस्पर भरला. प्लेअर आणि डबीएवढा स्पीकर त्यानंच गाणी भरून आणून दिला. तीन पेपर ज्या आठवड्यात आले, त्याच आठवड्यात नंदानं सात दिवसांचं पारायण धरलं. पारायणाच्या खोलीत कुणी डोकावायचं नाही, वाचणाऱ्याला हाक मारायची नाही. त्या घरात तिला बंद दार मिळालं ते एवढंच.

दोन महिने ती रोजचा अध्याय वाचताना प्लेअर चौरंगाखाली रेकॉर्डिंगला लावून ठेवत होती. जागा पुरेना, तसं एकेक गाणं उडवत गेली. दोनशेतलं एकही उरलं नाही. देवाला ती फसवत नव्हती. एकूणएक ओवी तिनं आंघोळ करून, दिवा लावून, त्याच्यापुढंच वाचली होती. फक्त वेळ मागंपुढं केली होती. हे ती रोज देवाला सांगायची, आणि सांगूनही मन निवत नसे.

दारापलीकडं चतुराबाई चटई टाकून वाती वळत बसायच्या. इंग्रजीच्या पेपरादिवशी संध्याकाळी त्या म्हणाल्या, “आज आवाज लई साफ लागला तुझा.” बीजगणिताच्या दिवशी म्हणाल्या, “एवढं वाचलंस, पर घोटभर पाणी न्हाई पिलीस मधी.” नंदा भाकरी उलटायची विसरली.

आता हे पाच अध्याय दीडपर्यंत पुरणार. ती परत येणार सव्वादोनला. मधला पाऊण तास खोली गप्प. तोच अध्याय पुन्हा लावावा, तर चाळीस वर्षं पोथी ऐकलेल्या बाईला पहिल्या ओवीलाच कळेल. जाऊच नये, तर वसंताला तिन्ही पेपर देईन म्हणून शब्द दिला होता. आणि सासूबाईंचे कान असे टवकारलेले असताना पुढच्या वर्षी ही वाट उरणार नव्हती.

तिनं पोथीला हात जोडले. पहिला अध्याय लावला, कंपासपेटी पदराखाली घेतली, खोलीच्या मागच्या दारानं परसात उतरली आणि बाहेरून कडी लावली.

पेपरात शेवटचं प्रमेय पाच मार्कांचं होतं. पाऊण वाजता उठली असती तर दीडला घर गाठता आलं असतं. पण मागं भूमितीतच ती दोन मार्कांनी राहिली होती. ती बसून राहिली. प्रमेय लिहिलं, आकृतीला नावं दिली, पुन्हा तपासलं. दीडची घंटा वाजली तेव्हा तिच्या मनात एकच आलं की आता खोली गप्प झाली.

शेजारच्या सगुणाबाईच्या कुंपणातून ती परसात शिरली आणि थबकली. भुजंगची गाडी उभी होती. मिलची वीज गेली असावी. तो स्वतः ओट्यावर बसला होता, तोंड दाराकडं करून. मागं फिरावं, तर त्यानं मान वळवलेली.

दाराची कडी उघडी होती. आतून वाचन ऐकू येत होतं. सहावा अध्याय.

“तिथंच थांब,” भुजंग म्हणाला. त्यानं नजर खाली घेतली. “शिवू नको कशाला. सांगितलं मला आईनं. सगुणाबाईच्या पडवीत बसल्ती ना सकाळपासून?”

नंदानं कंपासपेटी पदराखाली आणखी आत सरकवली.

“ऐन शेवटच्या दिवशी अडचण यायची होती तुला. आईनं उचललं मंग पारायण. तू चार दिवस मागच्या खोलीत बसशील, असा शब्द दिलाय तिनं पोथीला.”

आत चतुराबाई, ज्या सही येत नाही म्हणून रेशनच्या दुकानात अंगठा उठवायच्या, ओवीमागून ओवी म्हणत होत्या. कुठंही अडखळत नव्हत्या, आणि मधूनमधून पानही उलटत होत्या. नंदाची अडचण यायला अजून दहा दिवस होते. तिनं दोरीवरचं घोंगडं ओढून घेतलं आणि चार दिवस बाजूला बसायला ती मागच्या खोलीकडं निघाली.