मैदानावरचा वारा

"वारा बाहेर चाललाय. चांगला सणसणीत," झिगमंट फोनवर बिनदिक्कत म्हणाला. त्याच्या खिडकीसमोर नव्या इमारतीची विटांची भिंत होती. भिंतीमागे कुठेतरी बेसबॉलचं मैदान होतं, धावफलक होता आणि धावफलकावरचा झेंडा होता. तो झेंडा हिवाळ्यापासून त्याला खिडकीतून दिसलेला नव्हता.

"म्हणजे होमरनचा दिवस, काय म्हातारबा?" पलीकडून त्याचा जावई ड्वेन.

"डोळे मिटून पैसे लाव. तुझा तो ढेरपोट्या आज चेंडूला नुसता धक्का देईल आणि चेंडू रस्त्यावर जाऊन पडेल."

संघ जिंको की हरो, ड्वेनला देणंघेणं नसे. तो एकेका खेळाडूवर पैसे लावायचा. हा आज होमरन, म्हणजे थेट भिंतीपार टोला, मारेल का, तो गोलंदाज किती जणांना बाद करील. असल्या पैजेत खेळाडूचं कसब निम्मं, बाकी सगळं हवेवर. शिकागोत वारा शहरालगतच्या मोठ्या तळ्याकडून आत आला की भल्याभल्यांचे टोले मैदानातच मरतात. तळ्याकडे वाहिला की लुंगासुंगाही भिंतीपार फटकावतो. शिवाय एप्रिलची थंडी, आदल्या रात्री लांबलेला सामना, गोलंदाजाला कौल देताना पंचाचा कंजूषपणा. हे सगळं झिगमंट इत्थंभूत सांगे. जन्म मैदानाशेजारी गेला होता त्याचा.

सासरा-जावयाच्या नात्याला मुलीचं तारण असतं. त्याची मुलगी तेरेसा वारली तेव्हाच झिगमंटने ते खातं मनातल्या मनात बंद केलं होतं. पण बेसबॉलचा मोसम आला आणि फोन वाजला, "वारा कुठला?" मग मैदानावर सामना असला की वाजतच राहिला. झिगमंटला बुडीत खात्यावर व्याज आल्यासारखं वाटे. मतलबापुरती का होईना, पोरगा आठवण काढतो. या वयात आणखी काय हवं?

म्हणूनच समोर इमारत उभी राहिली तेव्हा त्याने तोंडातून ब्र काढला नाही. ज्याला वारा दिसत नाही त्याला फोन कोण करणार? सामन्याच्या दिवशी तो काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जाई, झेंडा बघे आणि धापा टाकत परत येऊन फोनपाशी बसे. आज गुडघा सुजला होता. आजचा वारा त्याने पदरचा घातला होता.

दुपारी त्याने रेडिओ लावला. वारा तळ्याकडून आत येत होता. ढेरपोट्याने दोनदा चेंडू आभाळात चढवला. दोन्ही वेळा तो भिंतीच्या अलीकडे कुणाच्या तरी हातमोज्यात अलगद उतरला. सामना संपला तसा फोन वाजला.

"किती बुडाले? मी भरून देतो," झिगमंटनेच सुरुवात केली. "मला झेंडा दिसत नाही रे. समोर इमारत झालीय. आज पायही निघाला नाही. थाप मारली."

"बुडाले कुठे? तो मारणार नाही, असंच लावलं होतं मी. वारा हल्ली फोनवरही दिसतो, म्हातारबा."

"मग मी सांगतो ते?"

"त्यावर मी कधीच लावत नाही." ड्वेन हसला. "त्या इमारतीचं वायरिंग आम्हीच केलं. भिंत उभी राहताना रोज बघत होतो. तुमची खिडकी दिसायची. तेरेसाशिवाय तुमचे जिने चढायचा धीर झाला नाही."

"मग दर वेळी वारा कशाला विचारतोस, गाढवा?"

"ती कशी पटकन विचारायची, पप्पा, जेवलात का? मला ते विचारता येत नाही."

झिगमंटने समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचे उपकार मानले.

"नाही जेवलो अजून," तो म्हणाला. "ये."